ज्याला म्हणजे हूमच का? इंग्रजीतलं संबंधी सर्वनाम निवडताना मराठीचा आधार कुठवर घ्यायचा

गिरणाकाठ (भडगाव) · रविवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. माझी पुतणी बारावी करून स्पर्धा परीक्षांना बसतेय. त्यासाठी जळगावला एका क्लासला जाते. तिथल्या नोट्समध्ये एक तक्ता आहे: जो म्हणजे हू, ज्याला म्हणजे हूम, ज्याचा म्हणजे हूज, आणि वस्तू असली की व्हिच. पोरीने तक्ता घोटून पाठ केला. परवा सराव पेपरात भाषांतराला वाक्य आलं, 'ज्याला ताप आहे त्या मुलाला घरी पाठवा.' तिने लिहिलं, 'सेंड होम द बॉय हूम हॅज फीवर.' हूमभोवती लाल गोल आणि शून्य गुण. क्लासमध्ये विचारलं तर उत्तर मिळालं, हा अपवाद आहे, पाठ कर.

रात्री ती ओट्यावर वही उघडून बसली होती. म्हणाली, 'काकू, ज्याला म्हणजे हूम हे त्यांनीच सांगितलं ना? मग चुकलं कोण?' मी मराठी विषय घेऊन बीए झालेय, पण मला काही सांगता आलं नाही. त्याची रुखरुख लागून राहिलीय. इथे इंग्रजी शिकवणारे जाणते लोक आहेत. दुसरा तक्ता नको, कारण समजावून सांगा.

भुसावळ_यार्ड · रात्री १०:०५

ताई, मी रेल्वेच्या खात्याच्या परीक्षेला एक युक्ती वापरली होती. सर्वनामाच्या जागी 'ही' बसतो की 'हिम' ते बघायचं. ही बसला तर हू. हिम बसला तर हूम, दोघांच्या शेवटी म आहे म्हणून लक्षात राहतं. आपण 'ही हॅज फीवर' म्हणतो, 'हिम हॅज फीवर' कोणी म्हणत नाही. म्हणून तिथं हू.

गिरणाकाठ · रात्री १०:१२

हे सोपं आहे भाऊ, सकाळी लगेच सांगते तिला. पण मग मराठीतल्या त्या 'ला'चं काय? तो आला कुठून, आणि इंग्रजीत गेला कुठे?

पांझरातीर (धुळे) · सोमवार, सकाळी ६:५०

ताई, तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवलंत. मी ३१ वर्षं इंग्रजी शिकवलं आणि त्यातली पहिली काही वर्षं हाच तक्ता फळ्यावर लिहीत होतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मराठीत ताप माणसाकडे येतो. मुलाला ताप येतो, मुलाला भूक लागते, मुलाला राग येतो, मुलाला इंग्रजी येतं, मुलाला दोन बहिणी असतात. या सगळ्या वाक्यांत कर्ता ताप, भूक, राग, इंग्रजी, बहिणी. मुलगा बाजूला 'ला' लावून उभा. इंग्रजीत मांडणी उलटी होते. तिथं मुलगाच कर्ता असतो: ही हॅज फीवर, ही इज हंग्री, ही नोज इंग्लिश, ही हॅज टू सिस्टर्स. मुलगा कर्ता झाला की त्याचं सर्वनामही कर्त्याचं, म्हणजे हू. पोरीने 'ला' बघून हूम लिहिलं, पण तो 'ला' मराठी वाक्याचा होता. इंग्रजी वाक्यात त्याला जागाच नाही.

असाच घोळ 'ने'चा. 'ज्याने मला पाणी पाजलं तो': इथं ज्याने म्हणजे सरळ हू, 'बाय हूम' नाही. आणि 'ज्याच्याकडे ट्रॅक्टर आहे तो शेतकरी'चं भाषांतर मुलं 'विथ हूम ट्रॅक्टर इज' करतात. इंग्रजीत शेतकरीच कर्ता, 'द फार्मर हू हॅज अ ट्रॅक्टर'.

म्हणून मराठी वाक्याचे प्रत्यय बघून सर्वनाम निवडू नये. आधी त्या वाक्याची दोन सुटी इंग्रजी वाक्यं करावीत. 'सेंड होम द बॉय.' 'ही हॅज फीवर.' दुसऱ्या वाक्यातला ही पुसायचा आणि तिथं हू ठेवायचा. मी दोन रंगांचे खडू वापरायचो. पहिलं वाक्य पांढरं, दुसरं पिवळं. पिवळ्या वाक्यात त्या माणसाचं काम काय, तेवढंच बघायचं. पांढऱ्या वाक्यात बॉय हे कर्म आहे, पाठवायचं त्यालाच आहे, पण त्याच्याशी सर्वनामाला देणंघेणं नाही. पुतणीकडून दहा वाक्यं अशी दोन रंगांत लिहून घ्या. फार फरक पडतो, मी पाहिलंय.

अजून एक. आपण बोलताना 'जो'ची वाक्यं फारशी वापरतच नाही. 'ताप असलेला मुलगा', 'काल आलेले पाहुणे', 'केळी पिकवणारा शेतकरी' असं बोलतो. सगळं विशेषण नामाच्या आधी चढवून ठेवतो. इंग्रजीत एवढं लांब विशेषण नामाच्या आधी बसत नाही, ते नामानंतर येतं. मुलांना विशेषणवाक्य, म्हणजे नामाची माहिती देणारं जो-ज्याचं वाक्य, परकं वाटतं त्याचं अर्धं कारण हे आहे. तेव्हा 'असलेला', 'आलेला', 'णारा' दिसलं की ते आधी जो-तो मध्ये मोडून घ्यायचं, मग इंग्रजीकडे वळायचं.

नवापूर_शाळा · सोमवार, सकाळी ८:१५

सरांचं वाचून माझ्या वर्गातली चूक आठवली. 'द बॉय हू केम येस्टर्डे ही इज माय ब्रदर.' हू लिहूनही मुलांना पुढचा 'ही' सोडवत नाही. माझी बरीच मुलं घरी अहिराणी बोलतात. 'जो पोऱ्या काल उना तो मन्हा भाऊ शे' या वाक्यात तो नसेल तर कानाला खटकतं. मराठीतही जो आला की तो यावाच लागतो. इंग्रजीत तो दुसरा 'तो' मुळी नाही, हे मुलांना कोणीतरी स्पष्ट सांगायला हवं. सांगितलं नाही तर ती आपल्या भाषेच्या सवयीने लिहिणार, त्यात त्यांचा दोष नाही.

'द मोबाईल व्हिच आय बॉट इट' हे त्याचंच भावंड. व्हिचने इटची जागा घेतली, मग इट परत कशाला?

गिरणाकाठ · सोमवार, दुपारी २:३०

सर, सकाळी तुमचं उत्तर पोरीला मोठ्याने वाचून दाखवलं. पांढरा-पिवळा खडू नव्हता, तिने निळ्या आणि हिरव्या पेनने केलं. दहापैकी नऊ बरोबर आली. चुकलं ते असं: 'आय नो हू स्टोल द मोटर.' तिचं म्हणणं, यात हू आहे म्हणजे हे विशेषणवाक्य. पण हू कोणत्या नामाला जोडायचा ते तिला सापडेना.

आता माझ्या मराठीचा थोडा उपयोग झाला. आपल्याकडे प्रश्नाचे शब्द क ने सुरू होतात आणि संबंधाचे ज ने. कोण-जो, कुठे-जिथे, केव्हा-जेव्हा, कसा-जसा, किती-जितका. इंग्रजीत दोन्ही कामं एकच हू, एकच व्हेअर, एकच व्हेन करतो. म्हणून मी तिला दोन वाक्यं मराठीत करायला लावली. 'आय नो हू स्टोल द मोटर', म्हणजे मोटर कोणी चोरली ते मला माहीत आहे. क आला. 'आय नो द मॅन हू स्टोल द मोटर', म्हणजे ज्याने मोटर चोरली त्याला मी ओळखते. ज आला. हूच्या वाक्यात ज आला तर विशेषणवाक्य, क आला तर नामवाक्य, म्हणजे नामाच्या जागी बसणारं वाक्य. हे बरोबर आहे का सर? चुकीचं शिकवायची भीती वाटते.

पांझरातीर · सोमवार, दुपारी ४:१०

ताई, अगदी बरोबर. ३१ वर्षांत मला हे या शब्दांत सुचलं नाही. मी मुलांना एवढंच सांगायचो की हूच्या जागी दॅट ठेवून बघा. 'द मॅन दॅट स्टोल द मोटर' चालतं, म्हणून ते विशेषणवाक्य. 'आय नो दॅट स्टोल द मोटर' मोडून पडतं, म्हणून ते नाही. तुमची क-ज ची खूण जास्त जवळची, कारण ती मुलांच्या तोंडात आधीपासून आहे. मराठीचा आधार घ्यायचा तो इथं. हू कोणत्या जातीचा ते मराठी सांगते. हू की हूम ते मराठी सांगत नाही.

केळीबाग_यावल · सोमवार, रात्री ८:२०

माझा प्रश्न परीक्षेचा नाही, धंद्याचा आहे. दोन वर्षांपूर्वी बाहेरच्या एका व्यापाऱ्याला मी इंग्रजीत मेसेज केला: 'द बंचेस, व्हिच आर रेडी, विल बी कट ऑन मंडे.' मला म्हणायचं होतं, जे घड तयार झालेत ते सोमवारी कापू. बागेत निम्मे घड अजून भरायचे होते. त्यांनी दोन गाड्या पाठवल्या. एक गाडी अर्धी भरली, दुसरी रिकामी परत गेली, आणि भाडं माझ्या हिशेबातून वजा झालं. ते म्हणाले, तुम्हीच लिहिलंत की सगळे घड तयार आहेत. मी मेसेज दहा वेळा वाचला, मला तसं काही दिसेना. नंतर पुतण्याने सांगितलं की स्वल्पविरामाने घात केला. खरंच एवढ्याशा खुणेने अर्थ फिरतो?

पांझरातीर · सोमवार, रात्री ९:३०

जिभाऊ, फिरतो. त्या व्यापाऱ्याने वाचलं ते इंग्रजीच्या नियमाने बरोबर होतं. तुमचं नुकसान झालं याचं वाईट वाटतं.

दोन स्वल्पविरामांत टाकलेलं विशेषणवाक्य ही जादा माहिती असते. ती काढून टाकली तर उरतं, 'द बंचेस विल बी कट ऑन मंडे', म्हणजे सगळे घड. आत टाकलेला भाग फक्त एवढंच सांगतो की ते, म्हणजे सगळेच, तयार आहेत. स्वल्पविराम काढा: 'द बंचेस व्हिच आर रेडी विल बी कट ऑन मंडे.' आता विशेषणवाक्य घड निवडतं. तयार असलेले कापू, बाकीचे राहतील.

ओळखायची खूण मराठीतच आहे. वाक्यात 'तेवढेच' घालून बघा. 'जे घड तयार आहेत तेवढेच कापू.' अर्थ जुळला तर स्वल्पविराम नको. आपलं जे-ते बहुतेक वेळा निवडणारंच असतं, म्हणून खुणेची गरज आपल्याला जाणवत नाही. उलट 'तेवढेच' जुळत नसेल आणि 'आणि ते' जुळत असेल तर स्वल्पविराम हवेत.

तुमच्याच तालुक्याचं उदाहरण घ्या. 'फैजपूर, व्हेअर द काँग्रेस मेट इन १९३६, इज इन यावल तालुका.' १९३६ साली काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं ते फैजपूर एकच आहे, निवडायला दुसरं नाही. म्हणून विरामचिन्ह लागतंच. तसंच 'द तापी, व्हिच राइजेस निअर मुलताई, मीट्स द पूर्णा अॅट चांगदेव.' तापी एकच. इतिहासकार राजवाड्यांचं घ्या, 'राजवाडे, हू डाइड इन धुळे इन १९२६', तेही तसंच. विशेषनाम आलं की बहुतेक वेळा विरामचिन्ह येतं.

आणि अशा विरामचिन्हानंतर दॅट लिहायचं नाही. 'द तापी, दॅट राइजेस' चूक. निवडणाऱ्या वाक्यात मात्र व्हिच आणि दॅट दोन्ही चालतात. अमेरिकेत दॅट जास्त पसंत करतात, ब्रिटिश लिखाणात व्हिच सर्रास दिसतं. यावरून कोणी गुण कापत असेल तर मला ते पटत नाही.

केळीबाग_यावल · सोमवार, रात्री ९:५०

आभारी आहे सर. यापुढे मेसेजमध्ये 'ओन्ली द बंचेस दॅट आर रेडी' असं लिहितो. चालेल ना?

पांझरातीर · सोमवार, रात्री ९:५५

उत्तम. ओन्ली ने उरलीसुरली शंकाही जाते.

शहादा_वाचक · मंगळवार, सकाळी ७:३०

दॅटचा विषय निघालाच आहे म्हणून भर घालते. काही ठिकाणी दॅटच शोभतं. ऑल, एव्हरीथिंग, नथिंग, ओन्ली किंवा सगळ्यात मोठा-लहान अशा अर्थाचं विशेषण आलं की दॅट. मुलं 'ऑल व्हॉट आय हॅव' लिहितात, कारण मनात 'माझ्याकडे जे काही आहे' असतं. 'ऑल दॅट आय हॅव' लिहावं, नाहीतर नुसतं 'व्हॉट आय हॅव'. व्हॉटच्या पोटात नाम आणि सर्वनाम दोन्ही आहेत, त्याला आधी वेगळं नाम लागत नाही.

माणूस आणि जनावर एकत्र आले तरी दॅट सोयीचं. सारंगखेड्याच्या घोडेबाजारावर निबंध दिला होता. एका मुलीने लिहिलं, 'द ओल्ड मॅन अँड द हॉर्स दॅट वी सॉ देअर.' हू लिहिलं असतं तर घोड्याची अडचण, व्हिच लिहिलं असतं तर म्हाताऱ्याची. तिने आपल्या मनानेच दॅट निवडलं होतं. मला फार आनंद झाला, वर्गात वाचून दाखवलं.

भुसावळ_यार्ड · मंगळवार, दुपारी १:००

माझी युक्ती एकदा मलाच नडली होती, तेही सांगतो. पेपरात रिकामी जागा: 'द मॅन ___ आय थॉट वॉज द गार्ड टर्न्ड आउट टू बी अ पॅसेंजर.' मी 'आय थॉट हिम' असं मनात जुळवलं आणि हूम लिहिलं. चुकलं.

सर, दुसरं विचारायचंय. बोलताना हूम कोणी म्हणतं का? मी तरी गाडीत फिरणाऱ्या परदेशी प्रवाशांकडून फारसं ऐकलं नाही. मग पोरांच्या मागे हूमचा धोशा का लावायचा?

पांझरातीर · मंगळवार, दुपारी ३:४५

'आय थॉट' मध्ये घुसलेला आहे, त्याला उचलून बाहेर ठेवा. उरतं 'वॉज द गार्ड'. आता ही की हिम? ही. म्हणून हू. 'आय थिंक', 'दे से', 'वी न्यू' असे पाहुणे आले की आधी त्यांना बाहेर बसवायचं, मग तुमची युक्ती लावायची. युक्ती चांगलीच आहे.

हूमबद्दल तुमचं म्हणणं खरं आहे. बोलताना 'द क्लार्क हू आय मेट' सर्रास चालतं. पण शब्दयोगी शब्द आधी आला की हूमला पर्याय नाही: 'द क्लार्क टू हूम आय गेव्ह द फॉर्म'. टू हू कोणी लिहीत नाही. परीक्षेत मी हूमच लिहा सांगतो, कारण पेपर तपासणारा नियमाने तपासतो. नको असेल तर सर्वनामच गाळा. 'द क्लार्क आय मेट' हे सगळ्यात स्वच्छ वाक्य. मात्र सर्वनाम कर्म असेल तरच गाळता येतं. 'द क्लार्क केम येस्टर्डे इज माय फ्रेंड' असं करता येणार नाही, तिथं हू हवाच.

गिरणाकाठ · मंगळवार, रात्री ८:४०

आज आमच्याकडे भरीत होतं. मागच्या अंगणात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजत होते, आणि पोरगी बडगीजवळ (भरीत ठेचायचं लाकडी पात्र) बसून मिरच्या-लसूण ठेचत होती. वही मांडीवर. तिने वाक्य केलं, 'धिस इज द वुडन ट्रफ व्हिच वी पाउंड द ब्रिंजल्स.' मी म्हटलं, दोन वाक्यं कर. तिने केली. 'धिस इज द ट्रफ.' 'वी पाउंड द ब्रिंजल्स इन इट.' आणि स्वतःच ओरडली, 'काकू, इन कुठे गेला?' 'ज्या बडगीत' मधला 'त' तिने सांडला होता. मग लिहिलं, 'इन व्हिच वी पाउंड द ब्रिंजल्स.' हातातला मुसळ तसाच धरून तिने ते लिहिलं, वहीवर तेलाचा डाग पडला आणि मी काही बोलले नाही.

पांझरातीर · मंगळवार, रात्री ९:१५

ताई, हे वाचून फार बरं वाटलं. 'त', 'वर', 'शी', 'साठी' यांचा इंग्रजीतला शब्द बहुतेक वेळा कुठेतरी टिकलाच पाहिजे. आधी ठेवा, 'इन व्हिच वी पाउंड', किंवा शेवटी ठेवा, 'व्हिच वी पाउंड द ब्रिंजल्स इन'. शेवटी ठेवला तर व्हिचच्या जागी दॅट चालेल, काहीच नसलं तरी चालेल. आधी ठेवला तर मात्र 'इन दॅट' होत नाही. जागेचं नाव असेल तर व्हेअर येतो, आणि त्याच्याबरोबर इन पुन्हा लिहायचा नाही. 'द हाउस व्हेअर आय लिव्ह इन' अशी वाक्यं मी शेकड्याने तपासली आहेत.

गिरणाकाठ · बुधवार, सकाळी ७:०५

पोरीचा शेवटचा प्रश्न, बसला जाताना सांगून गेली. मार्चमध्ये आमची विहीर आटली, त्यावर तिला वाक्य करायचंय. 'जिचं पाणी आटलं ती विहीर.' विहीर वस्तू, मग हूज कसं चालेल? हूज तर माणसाला ना?

पांझरातीर · बुधवार, सकाळी ७:२०

वस्तूलाही चालतं. 'द वेल हूज वॉटर ड्राइड अप इन मार्च' हे शुद्ध इंग्रजी आहे. 'द वॉटर ऑफ व्हिच' हेही बरोबर, पण जड. तिला दोन गोष्टी सांगा. मराठीत जिचं पाणी, जिची मोटर, जिचा काठ असं बदलत जातं, इंग्रजीत हूज एकच राहतो, आणि त्याच्यापुढे 'द' लागत नाही, 'हूज द वॉटर' नको. दुसरं, हू इज चं आखूड रूप अगदी असंच ऐकू येतं, पण त्यात वर स्वल्पविरामासारखी एक खूण (अपॉस्ट्रॉफी) असते. लिहिताना ती खूण या वाक्यात येऊ देऊ नको म्हणावं.